ल्वारकाठी की सेंट लॉरेन्सकाठी? फ्रेंच इमर्शन अभ्यासक्रमांतील कार्यशाळा आणि सहलींचा तुलनात्मक आढावा

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा अलियान्स फ्रान्सेझमध्ये दोन-तीन वर्षे फ्रेंच शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच: उन्हाळ्यात महिनाभर फ्रेंच बोलणाऱ्या गावी जाऊन राहायचे ठरवले, तर ते गाव फ्रान्समधले निवडावे की कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले? टोरांटो-मिसिसागा परिसरातील मराठी घरांतही हा प्रश्न पडतो, पण वेगळ्या कारणाने. तिथली कित्येक मुले शाळेत फ्रेंच इमर्शनच्या, म्हणजे इतर विषयही फ्रेंचमधूनच शिकवणाऱ्या, तुकडीत शिकलेली असतात, त्यांना वाचता-लिहिता उत्तम येते, मात्र दुकानदाराशी चार वाक्ये बोलायची वेळ आली की ती इंग्रजीकडे वळतात. माहितीपत्रके चाळली तर सगळे अभ्यासक्रम सारखेच दिसतात. सकाळी वर्ग, दुपारी सांस्कृतिक कार्यशाळा आणि शनिवार-रविवारी सहल, असा आराखडा जवळजवळ सर्वत्र असतो. सकाळचे वर्ग बहुतेक ठिकाणी चांगले असतात आणि त्या तोडीचे वर्ग पुण्या-मुंबईतही मिळतात. परदेशी जाण्याचा खर्च वसूल होतो तो दुपारी आणि सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे निवडही त्याच भागाकडे पाहून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या आढाव्यात मुख्यतः दोन गावे समोरासमोर ठेवली आहेत. पहिले फ्रान्समधील ल्वार नदीकाठचे तूर शहर, जिथे अँस्तित्यू द तुरेन ही संस्था १९१२ पासून परदेशी विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवत आली आहे. दुसरे क्वेबेकमधील सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावरचे त्रुआ-पिस्तोल हे छोटेसे गाव, जिथे ओंटारिओतील वेस्टर्न युनिव्हर्सिटीची इमर्शन शाळा १९३२ पासून भरते. अनुभवाच्या बाबतीत दोन्हीकडे खोट काढण्यासारखे काही नाही. फरक आहे तो विद्यार्थ्याला गावात कसे मिसळवले जाते यात.

सहलींपुरते पाहिले तर तूरची बाजू निःसंशय जड आहे. २००० साली जागतिक वारसा यादीत आलेल्या ल्वार खोऱ्यातील बहुतेक प्रसिद्ध वाडे या शहरापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. लिओनार्दो दा विंचीने आयुष्याची अखेरची वर्षे काढली ते आंब्वाझ गाव रेल्वेने साधारण वीस मिनिटांवर आहे, आणि १५१९ मध्ये तो ज्या घरात वारला ते क्लो ल्युसे तिथेच आहे. शेर नदीच्या पात्रावर कमानींवर उभा असलेला शनोंसोचा वाडाही रेल्वे स्थानकाच्या अगदी जवळ आहे. ज्याला इतिहासाची आवड आहे त्याने शनोंसोच्या लांबलचक दालनात सावकाश वेळ घालवावा. पहिल्या महायुद्धात त्या दालनात जखमी सैनिकांचे रुग्णालय होते, आणि १९४० नंतर शेर नदी हीच जर्मनव्याप्त व बिनव्याप्त फ्रान्समधली सीमारेषा झाल्याने दालनाचे एक टोक व्याप्त प्रदेशात तर दुसरे टोक त्याबाहेर उघडत होते. वर्गात वाचलेला धडा असा पायाखाली आला की तो विसरला जात नाही.

तरीही या सहलींबाबत एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. मोठ्या वाड्यांत उन्हाळ्यात जगभरचे पर्यटक लोटतात, ध्वनिमार्गदर्शक यंत्रे अनेक भाषांत मिळतात, तिकीटघरावर इंग्रजी चालते, आणि पन्नास जणांच्या बसमधून गेलेला विद्यार्थी दिवसभरात एकही फ्रेंच वाक्य न बोलता छायाचित्रे काढून परत येऊ शकतो. म्हणून आंब्वाझ आणि शनोंसोसाठी संस्थेच्या बससहलीचे वेगळे पैसे भरण्यापेक्षा वर्गातल्या एक-दोघांबरोबर रेल्वेने जाणे मला अधिक उपयुक्त वाटते. तिकीट काढणे, चुकलेल्या गाडीची चौकशी करणे आणि मार्गदर्शकाला प्रश्न विचारणे ही कामे मग आपोआप अंगावर येतात. शांबोरच्या वाड्याला मात्र रेल्वे नाही आणि तो बराच दूर आहे, त्यामुळे तिथे संस्थेबरोबरच जावे. प्रवेशशुल्काचाही विचार करावा. फ्रान्समधील राष्ट्रीय मालकीच्या वास्तू अठरा वर्षांखालील सर्वांना विनामूल्य पाहता येतात, पण अठरा ते पंचवीस या वयोगटातील सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आणि तिथे कायदेशीर वास्तव्य करणाऱ्यांनाच मिळते. अल्प मुदतीच्या व्हिसावर गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याने पूर्ण तिकीट धरून चालावे. शनोंसो आणि क्लो ल्युसे खाजगी मालकीचे आहेत, तिथे ही सवलत मुळातच लागू नाही.

त्रुआ-पिस्तोलच्या सहलींत असे राजवाडे नाहीत. तिथे नदीच इतकी रुंद आहे की तिला समुद्र म्हणावे. किनाऱ्यासमोरच्या ईल ओ बास्क या बेटावर सोळाव्या शतकात स्पेन-फ्रान्सच्या सीमाभागातून बास्क लोक देवमाशांच्या शिकारीसाठी येत आणि चरबी वितळवण्यासाठी भट्ट्या बांधत. त्या भट्ट्यांचे अवशेष आजही पाहता येतात. बिक राष्ट्रीय उद्यान जवळच आहे आणि तिथल्या खडकांवर सील पहुडलेले दिसतात. उत्तर तीरावरच्या तादुसाक गावातून निघणाऱ्या देवमाशांच्या सहली सर्वांत लोकप्रिय आहेत. सागने नदी जिथे सेंट लॉरेन्सला मिळते तिथल्या थंड, अन्नसमृद्ध पाण्यात पांढरे बेलुगा तसेच मिंके आणि फिन जातीचे देवमासे येतात. जुलै महिन्यातही नावेवर बोचरा गारठा असतो, त्यामुळे लोकरीचे कपडे बरोबर हवेतच. भाषेच्या दृष्टीने पाहता ही सहल आनंदाची असली तरी शिकण्याची फारशी नाही, कारण वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात निवेदन धड ऐकू येत नाही आणि ते अनेकदा दोन्ही भाषांत असते.

कार्यशाळांकडे वळल्यावर पारडे फिरते, आणि माझ्या मते निर्णय इथेच व्हावा.

क्वेबेकच्या इमर्शन शाळांत नाट्य-इम्प्रोव्हायझेशनची कार्यशाळा हमखास आढळते आणि त्यामागे त्या प्रांताची स्वतःची परंपरा आहे. १९७७ मध्ये रोबेर ग्राव्हेल आणि इव्हों लदुक यांनी माँत्रेआलमध्ये राष्ट्रीय इम्प्रोव्हायझेशन लीग सुरू केली आणि आइस हॉकीच्या सामन्याचा साचा नाटकाला लावला. मैदानासारखे कुंपण, पट्टेरी सदऱ्यातला पंच, दोन संघ आणि रंगीत पत्ते उंचावून मत देणारे प्रेक्षक, असा हा खेळ आज क्वेबेकच्या शाळा-महाविद्यालयांत सर्रास खेळला जातो. पंच एक चिठ्ठी वाचतो. प्रसंगाचे शीर्षक, खेळाडूंची संख्या, शैली आणि वेळ एवढेच तिच्यात असते. त्यानंतर संघाला आपसांत बोलायला काही सेकंद मिळतात आणि लगेच रंगमंचावर उभे राहावे लागते. बी-१, म्हणजे मध्यम, पातळीच्या विद्यार्थ्याची मुख्य अडचण ही असते की तो वाक्य मनात आधी जुळवतो, तपासतो आणि मग बोलतो, तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. या खेळात तपासायला वेळच मिळत नाही. चुकीचे लिंग, चुकीचा काळ, काहीही असो, बोलावेच लागते, आणि समोरचा सहकारी त्या चुकीलाच धरून प्रसंग पुढे नेतो. सभाधीटपणाची ही तालीम व्याकरणाच्या कोणत्याही वर्गात मिळणार नाही. नवशिक्याने मात्र या कार्यशाळेच्या वाटेला जाऊ नये, कारण समजलेच नाही तर तो कोपऱ्यात उभा राहील आणि उगाच खट्टू होईल.

नवशिक्यासाठी क्वेबेकच्या लोकनृत्याची कार्यशाळा फार चांगली. चौकोनी संचात उभ्या जोड्यांना एक निवेदक तालावर सूचना देत असतो आणि ऐकलेल्या क्षणी तसे वळायचे, फिरायचे, जोडीदार बदलायचा. चुकले की संपूर्ण चौकोन विस्कटतो, सगळे हसतात आणि पुन्हा सुरुवात होते. ऐकून समजले की नाही हे पायच सांगतात. चमचे वाजवणे आणि बसल्या जागी टाचा-चवड्यांनी ताल धरणे हेही तिथे शिकवतात. गावातली वयस्कर माणसे अशा संध्याकाळींना आवर्जून येतात, आणि गाव लहान असल्याने दुसऱ्या दिवशी बेकरीत तीच माणसे विद्यार्थ्याला ओळखून बोलायला थांबतात.

तूरमधील कार्यशाळांचा भर चव, उच्चार आणि कलेतिहासावर आहे. चीजची कार्यशाळा मिळाली तर जरूर घ्यावी. सँत-मोर द तुरेन नावाचे बकरीच्या दुधाचे लांबट चीज राखेत घोळवलेले असते, त्याच्या आरपार राय (rye) या धान्याच्या पेंढ्याची एक काडी असते आणि त्या काडीवर उत्पादकाची ओळख लेझरने कोरलेली असते. काडी ओढून काढायची, साल आणि गाभा वेगवेगळा चाखायचा आणि पोत, वास व खारटपणा यांचे वर्णन करायचे. पुस्तकात न सापडणारी विशेषणे अशा वेळी तोंडी बसतात. परंतु ही एका दुपारची गोष्ट असते. पुढच्या आठवड्यात शिक्षक वेगळा, विषय वेगळा आणि गटही वेगळा. महिनाभर त्याच माणसांबरोबर एखादी गोष्ट रचत नेऊन शेवटी गावासमोर सादर करणे यातून जो सराव होतो, तो सुट्या सुट्या रंजक दुपारींतून होत नाही. तूरमध्ये ही उणीव भरून काढायची असेल तर उन्हाळ्यात ल्वारच्या काठावर चालणाऱ्या गँगेतमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या खुल्या ठिकाणी, संध्याकाळी जावे. तिथे गाणे, नाच आणि गप्पा असतात, आणि स्थानिक लोक सहज भेटतात.

ज्यांना स्वतः फ्रेंच शिकवायची आहे त्यांनी तूरऐवजी मध्य फ्रान्समधील विशी शहराचा विचार करावा. तिथले काव्हिलाम केंद्र १९६४ पासून चालते, फ्रेंचच्या शिक्षकांचे प्रशिक्षण हे त्याचे खास क्षेत्र आहे, आणि सुट्टीच्या दिवशी १,४६५ मीटर उंचीच्या प्वी द दोम या निद्रिस्त ज्वालामुखीवर दातेरी रेल्वेने जाता येते.

आता सोबत्यांविषयी. कार्यशाळा कितीही उत्तम असली तरी मधल्या सुट्टीत विद्यार्थी कोणत्या भाषेत बोलतात यावर बरेच अवलंबून असते. त्रुआ-पिस्तोलमध्ये बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजीभाषक कॅनडियन असतात, म्हणून फक्त फ्रेंच बोलण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागते आणि शाळा तिच्यावर लक्ष ठेवते. शिवाय राहणे यजमान कुटुंबात असल्याने जेवणाच्या टेबलावरही सुटका नसते. तूरमध्ये असा धाक नसतो, पण जपानी आणि कोलंबियन वर्गमित्रांची समान भाषा फ्रेंचच असण्याची शक्यता अधिक असते, आणि गरजेपोटी बोललेली भाषा नियमापोटी बोललेल्या भाषेपेक्षा चांगली मुरते. मात्र एकाच अलियान्समधून पाच-सहा मराठी विद्यार्थी एकत्र गेले तर हा फायदा पहिल्याच संध्याकाळी संपतो. एकत्र जायचेच असेल तर निवास तरी वेगवेगळा मागावा.

क्वेबेक शहर हा मधला मार्ग अनेकांना आकर्षक वाटतो. १६०८ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी शाँप्लँने वसवलेले ते तटबंदीचे शहर, ८३ मीटरांचा माँमोरान्सी धबधबा आणि ह्युरॉन-वेन्दात या मूळनिवासी लोकांची वेन्दाके वस्ती हे सर्व सहलींसाठी उत्कृष्ट आहे. पण जुन्या शहरातल्या दुकानांत उच्चार जरा अडखळला की विक्रेता सौजन्याने इंग्रजीवर येतो. बुजऱ्या विद्यार्थ्याला हे सौजन्य महागात पडते.

शाकाहारी घरांसाठी दोन शब्द. क्वेबेकच्या पारंपरिक साखरघरातील (मेपलच्या रसाचा पाक बनवतात त्या जागेतील) जेवणात घेवड्याच्या उसळीतही डुकराचे मांस असते आणि वाटाण्याच्या सूपमध्येही हॅम असतो. फ्रान्समधील बहुतेक पारंपरिक चीज प्राण्यांच्या जठरातून काढलेले, दूध गोठवणारे रेनेट वापरून बनते. यजमान कुटुंबाला आणि पाककृतीच्या कार्यशाळेच्या शिक्षकाला हे आधीच लेखी कळवावे. आयत्या वेळी सांगितले तर सोय होणे कठीण.

खर्चाच्या बाजूने कॅनडातील नागरिक आणि कायम रहिवासी असलेल्या मराठी कुटुंबांपुढे प्रश्न फार सोपा आहे. तिथल्या संघीय सरकारच्या पैशातून चालणाऱ्या एक्सप्लोर योजनेत शिष्यवृत्ती मिळाली की शिकवणी, निवास आणि जेवण यांचा भार उचलला जातो, प्रवास तेवढा आपला. अशा मुलांना आधी फ्रान्सला पाठवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. त्यांना व्याकरण येते, धीर हवा आहे, आणि तो त्रुआ-पिस्तोलसारख्या लहान गावात मिळतो. भारतातून जाणाऱ्याला ही शिष्यवृत्ती नाही, आणि जास्तीचे विमानभाडे पाहता नव्वद दिवसांच्या आतला शेंगेन व्हिसा आणि फ्रान्स हाच बहुतेकांचा व्यवहार्य मार्ग ठरतो. डेल्फ ही फ्रेंच प्रावीण्याची परीक्षा जवळ असेल तर तो योग्यही आहे, कारण क्वेबेकच्या बोलीची सवय लागायलाच पहिले काही आठवडे जातात. पुदुच्चेरीला जाऊन काटकसर करण्याचा सल्लाही पुष्कळदा दिला जातो. १८८९ पासूनचे तिथले अलियान्स आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचा १४ जुलैचा सोहळा अनुभवावा असा आहे, पण रस्त्यावर तमिळ आणि इंग्रजी चालते, त्यामुळे त्याला इमर्शन म्हणता येणार नाही.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेला पत्राने विचारावे की कार्यशाळेत किती जण असतात, एकच कार्यशाळा सलग किती आठवडे चालते, ती शिकवणारा स्थानिक कलाकार किंवा कारागीर आहे का, सहलीच्या आधी वर्गात तयारी करून घेतात का, आणि यजमान घरात दुसरा विद्यार्थी असल्यास तो कोणती भाषा बोलतो. सहलींची यादी सगळेच पाठवतात. या प्रश्नांना जी संस्था नेमकी उत्तरे देते तिथे नाव नोंदवावे, आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येत असल्याने ही चौकशी दिवाळीच्या सुमारासच सुरू करावी.