सिंकला हवाही हवी: नेरूळमधील एका प्लंबरच्या कामाचा अभिप्राय

नेरूळमधील आमच्या सिडकोच्या जुन्या इमारतीत ओटा बदलताना दोन कप्प्यांचे नवे सिंक बसवले आणि आठवडाभरातच त्यातून दुर्गंधी येऊ लागली. मोठे पातेले रिकामे केले की जाळीखालून गुडगुड आवाज येई. ओटा बसवणाऱ्या मिस्त्रींच्या मते नवा पाइप ‘रुळेपर्यंत’ तसे होणारच होते. अखेर शेजाऱ्यांनी सुचवलेल्या प्लंबरना बोलावले.

त्यांनी आधी दोन्ही कप्पे काठोकाठ भरून बुचे एकदम काढायला लावली आणि पाणी उतरल्यावर ट्रॅपच्या, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपच्या, बुडाची टोपी उघडून खाली वाटी धरली. वाटीचा तळ जेमतेम भिजला. “काकू, वास अडवणारं पाणीच ओढलं जातंय,” एवढेच ते म्हणाले. ट्रॅपच्या वाकात साधारण 50 मिलिमीटर पाण्याचा अडसर राहायला हवा. पाइप पूर्ण भरून वाहत असताना त्याला हवा मिळाली नाही, तर उतरणारे पाणी हा अडसरही खेचून नेते. आमच्याकडे ट्रॅपमधून पाइप थेट खाली गेला होता आणि हवेची जुनी वाट नव्या टाइल्सनी बुजवली होती.

त्यांनी थेट खाली उतरणाऱ्या एस-ट्रॅपऐवजी आडवा बाहेर पडणारा पी-ट्रॅप लावला, पुढच्या आडव्या पाइपला मीटरमागे सुमारे 2 सेंटिमीटर उतार दिला आणि ट्रॅपच्या लगेच पुढून काढलेला हवेचा पाइप सिंकच्या काठापेक्षा उंच नेऊन मगच डक्टमधल्या, गच्चीवर उघडणाऱ्या व्हेंट पाइपला जोडला. ही उंची महत्त्वाची, कारण ती नसेल तर सिंक तुंबल्यावर खरकटे पाणी हवेच्या पाइपात शिरते. भिंत फोडणे टाळण्यासाठी मी एकमार्गी हवेची झडप सुचवली होती; पण तिचे रबर कालांतराने खराब होते, म्हणून ती हाताशी राहील अशीच बसवावी लागते आणि डक्टमध्ये व्हेंट असताना तिची गरज नाही, असे त्यांनी सांगितले. मला ते पटले.

मजुरी 2,800 रुपये झाली, जी मला रास्त वाटली. ठरल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा येणे मात्र खटकले. काम संपल्यावर तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा सिंक आवाज न करता रिकामे झाले आणि वाटी भरून वाहिली. भिंत फोडताना तडकलेली टाइल बदलून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे, तारीख अद्याप दिलेली नाही.