फॉर्म शोधायचाय: साखळी लटकवावी की ग्रासहॉपर उघडावं?

मागच्या सेमिस्टरला आर्किटेक्चरच्या स्टुडिओत व्हॉल्टचा, म्हणजे कमानदार छताचा, एक छोटा पॅव्हिलियन करायचा होता, आणि फॉर्म मनाने काढायचा नाही, वजनाखाली आपोआप कोणता येतो ते शोधायचा अशी अट होती. मी दोन्ही करून पाहिलं, आधी कांगारू, म्हणजे ग्रासहॉपर या 3डी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं वजन-ताणाचं सिम्युलेशन, आणि नंतर साखळ्या, म्हणजे त्या लटकवायच्या आणि आलेला आकार उलटा करून छत म्हणून घ्यायचा. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

वेगाचं म्हणाल तर तुलनाच नाही. मेश (जाळी) घेतला, कोपरे अँकर केले, लोड (वजन) वरच्या दिशेने दिला की छत डोळ्यांसमोर फुगून वर येतं, सपोर्ट हलवला की लगेच नवा फॉर्म. साखळ्यांत तेच करायला माझी अख्खी संध्याकाळ जायची, एक हुक सरकवला की शेजारच्या चार गाठी सोडून परत बांधा, वर गुंता सोडवत बसा. स्पॅनिश आर्किटेक्ट गाउदीचं बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चचं 1:10 चं लटकतं मॉडेल, दोऱ्या आणि छऱ्यांच्या पिशव्यांचं, त्यावर सुमारे 10 वर्षं का गेली ते तेव्हा नीट कळलं.

पण माझं बिनसलं ते वेगळ्याच ठिकाणी. कांगारूत प्रत्येक कड स्प्रिंगसारखी वागते, आणि लोडच्या मानाने तिची स्ट्रेंग्थ (ताठपणा) कमी पडली की ती रबरासारखी ताणली जाते. मला उंची हवी होती म्हणून लोडचा स्लायडर वाढवत गेलो, फॉर्म देखणा दिसत होता, दोन आठवडे त्यावरच प्लॅन रचला. मग मॉडेलच्या पट्ट्या कापायला लांबी मोजली तर सुरुवातीला सगळ्या 20 मिमी असलेल्या कडा वर माथ्याला 25 आणि खाली पायाशी 30 झालेल्या. म्हणजे पायाशी कवच जास्त लांब, पण त्यावर धरलेलं वजन मात्र माथ्याइतकंच, आणि सारख्या जाडीच्या खऱ्या कवचात असं नसतं. ज्यूरीत परीक्षकांनी विचारलं, एवढीच उंची का? माझ्याकडे स्लायडरशिवाय उत्तर नव्हतं. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

यात सॉफ्टवेअरचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. स्ट्रेंग्थ भरपूर वाढवली की लांबी टिकते, आणि ज्यांचा हात बसलाय ते लांबी तपासतातच. फक्त स्क्रीनवर ताणलेला आणि न ताणलेला फॉर्म दोन्ही सारखेच पटतात, आणि शिकताना हे महागात पडतं.

साखळी ताणलीच जात नाही. 60 सेमीवर दोन हुक, 90 सेमी साखळी, झोल साधारण 30 सेमी, विषय संपला. उंची हवी तर साखळी वाढवा, म्हणजे मटेरियल वाढलं, ते हातात दिसतं. मधे एक वॉशर अडकवला की तिथे टोक येतं, म्हणजे उलटं केल्यावर वजनाखाली कमान टोकदार हवी, हे एकदा बोटांनी करून पाहिलं की विसरत नाही. तत्त्व इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1675 मध्येच सांगितलेलं, लवचीक दोरी लटकते तशीच उलटी केलेली कमान उभी राहते. खाली आरसा ठेवला तर उभी इमारतच दिसते, मी कितीतरी वेळ नुसता बघत बसायचो.

अर्थात जाळी मोठी झाली की साखळ्या झेपत नाहीत, आणि सेक्शन, ड्रॉइंग, ओपनिंगसाठी शेवटी कॉम्प्युटरवर यावंच लागतं. जर्मन आर्किटेक्ट फ्राय ओटोच्या मानहाइमच्या मल्टिहाले या लाकडी जाळीच्या छताच्या इमारतीलाही, 1975 ची ती, आधी लटकती जाळी आणि मग मोजमाप अन् कॉम्प्युटरवर हिशोब असंच झालं. टेन्साइल (ताणलेल्या कापडाचं) छत करणार असाल तर साखळी सोडाच, साबणाच्या पाण्याचा पडदा नाहीतर थेट कांगारू. आणि सबमिशन चार दिवसांवर असेल तर मी काय सांगणार, ग्रासहॉपरच उघडा.

पण व्हॉल्ट किंवा शेल (कवच) असेल आणि हातात निदान आठवडाभर असेल, तर माझ्या मते साखळीपासून सुरू करा. दोरा घेऊ नका, हलका असतो, गाठीपाशी वाकडा राहतो आणि आकार खोटा येतो. बारीक मण्यांची साखळी घ्या, ती हव्या त्या मण्याला कापता येते आणि मणी मोजले की लांबी आपोआप कळते.