ऑपरेशन मे महिन्यात की डिसेंबरात?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवताना नागपूरकरांनी आधी ऊन बघावं. स्लीव्ह नावाच्या या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात. मग गटागटा पाणी पिणं संपतं. दिवसाचं दीड-दोन लिटर पाणी घोटाघोटानेच पोटात जातं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, कूलरसमोर बसूनही घसा कोरडा. माझ्या वहिनीचं ऑपरेशन मेमध्येच झालं. स्टीलची छोटी वाटी, चमचा, आणि दर पाच मिनिटांनी आमच्यापैकी कोणीतरी, "वहिनी, घोट घ्या." तरी लघवी गडद झाली, चक्कर आली, सलाईन लावावंच लागलं.

डिसेंबरात हे सोपं. फुटाळा तलावाच्या काठी सकाळी चालता येतं, आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून चालणं हवंच. अडचण ऑपरेशनआधीच्या दोन आठवड्यांची. लिव्हर आकसावं म्हणून पथ्य, आणि नेमकी लग्नसराई, सावजीची आमंत्रणं, संत्र्यांचे ढीग. जिभेला आवरता येतं, तहानेला नाही. मी डिसेंबरच सांगेन. मात्र शुगर किंवा श्वासाचा त्रास वाढत असेल तर डॉक्टर म्हणतील तीच तारीख.