मुलाम्याचे राणीछाप रुपये : आमच्या घरी झालेली फसवणूक

कराडजवळच्या आमच्या गावी वडील एकटेच असतात. दिवाळीच्या तोंडावर एक जोडपं त्यांच्याकडे आलं. "अण्णा, बांधकामावर पाया खणताना हंडा घावलाय. चांदीचे रुपये हायेत. पोरीचं लगीन काढलंय, कुणाला बोलू नका," असं त्या बाईनं रडवेल्या आवाजात सांगितलं. दोन रुपये अण्णांच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, सोनाराला दाखवून या, मग बोलू. सोनारानं कस लावला, चांदी अस्सल निघाली. मग तशा पन्नास नाण्यांची पिशवी आली आणि अण्णांनी साठ हजार मोजले. त्या पिशवीत खरे होते ते तेच दोन. बाकीचे अठ्ठेचाळीस म्हणजे पितळेवर चांदीचं पाणी.

सगळी मेख त्या दोन खऱ्या रुपयांत आहे. सोनारानं खरंच सांगितलं, अण्णांनीही खात्री करूनच पैसे दिले. फक्त तपासलं गेलं ते भलतंच नाणं. "कुणाला बोलू नका" हेही ठरवूनच म्हटलेलं असतं. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, तसा १८७८ चा कायदाच आहे. त्या धाकानं माणूस ना चार लोकांना विचारत, ना नंतर पोलिसांत जात. म्हाताऱ्या माणसाच्या भिडेचा असा फायदा घेणाऱ्यांची मला मनस्वी चीड येते.

आता ती नाणी. उन्हात धरून एकेक पाहिली तेव्हा राणीचा, म्हणजे व्हिक्टोरियाचा गाल, कानावरचे केस, मुकुटाची टोकं आणि नाण्याची कड, म्हणजे जिथं जिथं बोट घासतं तिथं तिथं पिवळट झाक दिसली. खोलगट भाग मात्र पांढरेशुभ्र. खऱ्या जुन्या रुपयाचं नेमकं उलट असतं. त्याच्या खाचाखोचांत काळपटपणा साचतो आणि उंचवटे घासून पांढरे राहतात, कारण आतबाहेर एकच धातू. कितीही झिजला तरी खालून चांदीच निघते. काही नाण्यांवर मुलामा ताजा होता, पिवळं कुठंच दिसेना. पण चेहरा झिजून सपाट आणि त्या सपाट गालावर नवी चकाकी, असं खऱ्या नाण्याचं सहसा होत नाही. झिजलेल्या रुपयाचा साचा घेऊन ओतलेली ती नाणी. पाच-सहा नाण्यांवर तर राणीच्या मानेवर एकाच जागी एकच ओरखडा होता. कडेवरचे दाते बुजलेले आणि तिथंच मुलाम्याचे पापुद्रे सुटलेले. म्हणून नाणं हातात आलं की आधी कड बघा.

सालही बघा. राणीच्या रुपयावर १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असतं. तिच्यानंतरच्या राजाचे, सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० चे. आमच्या पिशवीत एडवर्डचा चेहरा आणि साल १८९१ असंही एक नाणं होतं!

लोहचुंबकावर विसंबू नका. पितळ आणि तांबं चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे 'चिकटलं नाही म्हणजे चांदी' हे साफ चूक. उलट १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे. तो खरा असूनही चिकटतो.

घरी करता येण्यासारखी भरवशाची परीक्षा वजनाची. राणी, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. वापरून थोडं वजन घटतं, पण नऊ-दहा ग्रॅम भरलं तर नाणं परत द्या. वजन जुळलं तरी थांबू नका. ग्रॅमचे शतांश दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवील त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. अस्सल रुपयाचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं, पितळेचं साडेआठच्या आगेमागे. वर कितीही मुलामा असो, हा आकडा लपत नाही. मात्र १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच, त्यांचं उत्तर साडेनऊच्या जवळ येईल; ते खोटे समजू नका.

आणि ही परीक्षा विकणाऱ्यानं काढून दिलेल्या नाण्यावर करू नका. पिशवी ओतून तुम्ही स्वतः मधली, तळाची नाणी उचला. त्यानं त्याला हरकत घेतली, तर व्यवहार तिथंच मोडा.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. तुमच्या घरी अशी पिशवी आली असेल तर ती मोडीत घालू नका, घासून-पुसून ठेवू नका. ज्या फडक्यात बांधून आली त्या फडक्यासकट ठाण्यात घेऊन जा. घेतेवेळी नाणी सोनाराला दाखवली असतील, तर त्यालाही जबाबासाठी सोबत न्या.