पोहायला कोणता बाइंडर: एक माप मोठा जुना, की पुढे चेनवाला?

बाइंडर म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायचा घट्ट कपडा. रोजचा घट्ट बाइंडर पाण्यात घालायचा नाही, हे धरूनच चालतो. क्रेप बँडेजचं तर नावच नको. हालचालीबरोबर ते आवळत जातं. उरतात दोन पर्याय: रोजच्यापेक्षा एक माप मोठा जुना हाफ (छातीपुरता, कमरेच्या वर संपणारा) बाइंडर, किंवा पोहण्यासाठीच शिवलेला, पुढे चेन असलेला.

दोन्हींना एक गोष्ट लागू आहे. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पाण्याचा दाब छातीवर येतो आणि दीर्घ श्वास थोडा आखूड होतो. त्यात बाइंडरची भर पडते, म्हणून घरात ठीक वाटलेलं माप पोहताना घट्ट वाटू लागतं. आधी घरीच बघा: दोन्ही हात कानाला टेकवून वर करा, खोल श्वास घ्या, दोनदा जोरात खोका. कुठे अडलं किंवा काखेत शिवण रुतली, तर ते माप पाण्यासाठी नाही. फ्रीस्टाइलमध्ये दर दुसऱ्या हाताला श्वास घ्या. पाण्याखाली श्वास रोखून अंतर कापणं टाळाच. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या किंवा बरगडीत टोचलं, तर लगेच बाहेर या आणि बाइंडर उतरवा.

सपाटपणात जुना बाइंडर पुढे आहे, हे मान्य. त्याच्या पुढच्या भागाला न ताणणारं अस्तर असतं. पण ते सुती असेल तर पाणी पितं, जड होतं आणि काखेखाली घासतं. पोहण्याच्या, म्हणजे स्विम बाइंडरला बहुधा असं न ताणणारं अस्तर नसतं, त्यामुळे दाब कमी. वर गडद, किंचित सैल रॅश गार्ड (पोहण्याचा टी-शर्ट) घातल्यावर मला तरी फारसा फरक दिसत नाही.

माझं पारडं झुकलं ते कपडे बदलायच्या खोलीत. ओला बाइंडर डोक्यावरून काढायला जावं, तर खालची पट्टी गुंडाळत जाते, खांद्याच्या पात्यांवर दोरखंडासारखी बसते. हात वर, कोपर अडकलेलं, तोंडावर ओलं कापड, आणि पोहून आधीच धाप लागलेली. बाहेर पुढच्या बॅचची माणसं दार वाजवत असतात. यावर उपाय आहे: शॉवरखाली उभं राहून कडेला थोडा शॅम्पू लावा, एकेक हात पट्ट्यातून सोडवा आणि बाइंडर कमरेवरून खाली उतरवा. पण कंबर रुंद असेल तर तिथेही अडतो. चेनवाला काही सेकंदांत उघडतो, आणि वेळ आलीच तर जीवरक्षकालाही उघडता येतो. माझ्या मते एवढं एक कारण पुरे आहे. चेन मात्र प्लॅस्टिकच्या दातांची, मागे कापडी पट्टी असलेली घ्या. नाहीतर त्वचा चिमटते.

दुसरं, आपला पावसाळा. जुलैत ठाण्यात सुती अस्तर रात्रभरात वाळत नाही, आणि दमट बाइंडर पुन्हा चढवला की छातीखाली गजकर्णाला आमंत्रण. क्लोरीन स्पँडेक्सही खातं. तेव्हा दोन्ही प्रकार पोहून झाल्याबरोबर साध्या पाण्यात खळबळा, पिळू नका, उलटे करून पंख्याखाली वाळवा.

टेप, म्हणजे छाती सपाट करायला त्वचेवर चिकटवायची पट्टी, हा तिसरा मार्ग. छाती लहान असेल तर विचार करण्यासारखा. आदल्या दिवशी छोटा तुकडा लावून त्वचा तपासा, तेल न लावलेल्या कोरड्या अंगावर चिकटवा, छातीभोवती पूर्ण वेढा कधीच देऊ नका. काढताना खोबरेल तेल मुरू द्या. घामात कडा सुटतात, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

वर्षातून एखाददोनदाच, घोडबंदरच्या एखाद्या सोसायटीच्या तलावात उतरणार असाल, तर जुना बाइंडरही चालून जाईल. सार्वजनिक तलावात नियमित जाणार असाल, तर आधी रॅश गार्ड चालतो का ते विचारा. सुती कपड्यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते, तिथेही स्विम बाइंडर सोयीचा पडतो. खारघरचा पांडवकडा धबधबा किंवा येऊरचे ओढे मात्र यात धरू नका. तिथल्या ओढीत पूर्ण श्वास घेणारेही बुडतात.

बाइंडर तलावावर चढवा आणि तिथेच उतरवा. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत ओल्या बाइंडरवर शर्ट घालून ठाणे ते वाशी उभं राहू नका. पिशवीत कोरडी, सैल, काळी बनियन ठेवा.