मराठी स्क्रीनसाठी ‘मुक्त’ फॉन्ट

पतसंस्थांच्या वेबसाइटचं डिझाइन करताना माझी पहिली पसंती मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ (Mukta). ७ वजनं (म्हणजे अक्षरांच्या जाडीचे प्रकार), ओपन-सोर्स परवाना, गूगल फॉन्ट्सवर मोफत. देवनागरी आणि रोमन अक्षरं शेजारी ठेवली तरी एकाच घरची वाटतात. ‘वैशिष्ट्य’, ‘उद्धृत’ यांतली जोडाक्षरं मोबाइलच्या छोट्या आकारातही गिचमीड होत नाहीत, आणि मला याचंच सर्वांत जास्त कौतुक आहे. फॉर्मच्या लेबलांना मीडियम, म्हणजे मध्यम जाडीचं वजन छान बसतं. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीच्या सवयीने अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के ठेवू नका. १५०-१६० हवंच, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच बरं. वाढवलंत की शिरोरेषा तुटते. ठसठशीत मथळ्यासाठी मी दुसरा फॉन्ट घेईन, मजकुरासाठी हाच.