स्टॅबिलायझर: तिन्ही ऋतू वापरून झाल्यावरचा अनुभव

मुंबईत मढला आमच्या घरामागे छोटा स्विमिंग पूल आहे. ६ बाय ४ मीटर, खोली सव्वा मीटर, म्हणजे साधारण ३०,००० लिटर पाणी. वर शेड नाही, दिवसभर ऊन. गेल्या दिवाळीच्या सुमारास स्टॅबिलायझरची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन उन्हात टिकवणाऱ्या सायन्युरिक अ‍ॅसिडची पावडर घेतली आणि ते मोजायचं काळ्या ठिपक्याचं किटही. आता गणपती होऊन गेले. थंडी, उन्हाळा, पाऊस सगळं पाहून झालं, म्हणून लिहिते.

पावडरचा गुण लगेच कळला. स्टॅबिलायझर नसेल तर दुपारच्या कडक उन्हात निम्मं क्लोरीन तासाभरातच उडून जातं. आमच्याकडे सकाळी टाकलेलं क्लोरीन पोरं शाळेतून येईपर्यंत शून्यावर यायचं. स्टॅबिलायझर ४० पीपीएमवर (म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम) आणल्यापासून संध्याकाळीही २-३ सापडतं. पैसे वसूल.

हिशोब सोपा आहे: ३०,००० लिटरला १ किलो टाकलं की ३३ पीपीएम वाढतं. पण ही पावडर विरघळायला फार वेळ घेते, नुसती ओतली तर तळाशी जाऊन बसते. जुन्या मोज्यात भरा, गाठ मारा आणि पाणी परत येतं त्या इनलेटसमोर लटकवा. येता-जाता मोजा पिळायचा; ताकासारखा पांढरा लोट सुटतो आणि हळूहळू पाण्यात मिसळतो. तो आठवडा बॅकवॉश करू नका, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुऊ नका, नाहीतर फिल्टरमध्ये अडकलेली पावडर गटारात जाईल. रीडिंगही आठवड्याने घ्या.

किट मला पावडरपेक्षाही मोलाचं वाटतं. पूलचं पाणी आणि किटमधलं द्रावण मिसळलं की गढूळ होतं. ते नळीत थोडं थोडं ओतत राहायचं आणि वरून बघताना तळाचा ठिपका दिसेनासा झाला की थांबून नळीवरचा तिथला आकडा वाचायचा; जितकं कमी ओतावं लागेल तितकं स्टॅबिलायझर जास्त. हे उघड्यावर, सूर्याकडे पाठ करून करा. घरात ट्यूबलाइटखाली आकडा हमखास वेगळा येतो. १०० च्या वर वाटलं तर निम्मं नळाचं पाणी घालून परत मोजा आणि येईल त्याची दुप्पट धरा.

आता खरी तक्रार. आम्हाला क्लोरीनच्या गोळ्या देणाऱ्या माणसाने एक गोष्ट कधीच सांगितली नाही: टीसीसीए ९० च्या, म्हणजे ९० टक्के क्लोरीनच्या या गोळीतच स्टॅबिलायझर असतं. २०० ग्रॅमची एक गोळी आमच्या पूलमध्ये सुमारे ६ पीपीएम क्लोरीन देते आणि साडेतीनच्या वर स्टॅबिलायझर मागे ठेवते. आठवड्याला दोन टाकल्या तर तीन महिन्यांत ९० ची भर! क्लोरीन संपतं, हे उरतं. उन्हाने उडत नाही, फिल्टरला सापडत नाही, पाणी बदललं तरच कमी होतं. आणि ते जितकं वाढेल तितकं क्लोरीनही जास्त ठेवावं लागतं, साधारण त्याच्या साडेसात टक्के. ४० ला ३ पुरतं, १०० ला साडेसात लागतं. ‘क्लोरीन आहे, तरी पाणी हिरवं कसं?’ याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मार्चपासून आम्ही लिक्विड क्लोरीनवर आलो, त्यात स्टॅबिलायझर नसतं. कॅल्शियम हायपोमध्येही (कॅल्शियम हायपोक्लोराइट, कोरडं क्लोरीन) नसतं. पण कॅल्शियम हायपो आणि टीसीसीएच्या गोळ्या एकाच डबीत, बादलीत किंवा फ्लोटरमध्ये (गोळ्या ठेवायच्या तरंगत्या डबीत) चुकूनही एकत्र करू नका. आग लागते, स्फोटही होऊ शकतो.

मे महिन्यात स्टॅबिलायझरचा आकडा ६० होता. ‘अर्धं पाणी सोडून टँकर मागवा,’ असा सल्ला मिळाला. पाणीकपातीच्या दिवसांत इतकं पाणी गटारात सोडणं मला पटलं नाही. गरजही नव्हती. सांताक्रूझला एका पावसाळ्यात २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि आमचा पूल आहे १,२५० मिलिमीटर खोल. पाऊस पडत राहतो, ओव्हरफ्लो वाहत राहतो आणि स्टॅबिलायझर आपसूक उतरत जातं. परवा मोजलं तर नळी काठोकाठ भरली तरी ठिपका स्वच्छ दिसत होता, म्हणजे ३० च्याही खाली.

त्यामुळे उघडा पूल असलेल्या मुंबईकरांनी मे-जूनमध्ये ही पावडर घेऊच नये, ती वाहूनच जाणार. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत टाका. आमचा या वर्षीचा १ किलो आणून ठेवलाय. पूल शेडखाली किंवा घराच्या आत असेल तर मात्र या पावडरवर खर्च करू नका. तिथे ऊनच नाही, तर तिचं कामही नाही.